पोटखराबा

यंदा गणपतीला राजापूरकडच्या आमच्या घरी गेलो होतो. आरत्या-जेवणं आटोपून, जरा पडून झालं की चारच्या सुमारास आम्ही पाच-सहा जण सड्यावर फिरायला जायचो. (सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार.) आत्या पुढे, मुलं मध्ये, मी शेवटी. फारसं कुणी बोलायचं नाही. शहरात इतका वेळ न बोलता आम्ही एकत्र कधी असतो?

तिसऱ्या दिवशी ओटीवर विषय निघाला. चिरेखाणीसाठी सडा मागताहेत, सातबारा सामायिक, तेव्हा सगळ्यांच्या सह्या हव्यात. "नाहीतरी पोटखराबाच तो!"

हा शब्द कागदावरचा. पीक येत नाही ती जमीन पोटखराबा. पण म्हणून ती निकामी कशी? जांभा सच्छिद्र. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून झिरपत खालच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळतो. भाद्रपदात त्याच कातळावर सीतेची आसवं फुलतात. एवढंसं जांभळं फूल, पण मातीत काही मिळत नाही म्हणून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातं. आमच्याच तालुक्यात कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटरचा हत्ती कोरलेला आहे. तिथली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तीही कागदावर पोटखराबाच असतील!

"तुम्हाला काय, चार दिवस येता नि शांतता खाऊन जाता," काका म्हणाले. खरं आहे. गावात बारा महिने राहणाऱ्याला पैसे लागतात, आणि आमचं घरही चिऱ्याचंच आहे. पण त्या घरापुरता चिरा हातानं काढला होता. आता यंत्र येतं आणि ट्रक भरभरून माल जातो. मागे राहतो तो खड्डा. त्यात पुन्हा सडा उगवत नाही.

आणि मी तरी कुठला शहाणा? पाच वर्षांपूर्वी असाच एक तुकडा गेला, तेव्हा मी फोनवरच "करून टाका" म्हणालो होतो. माझ्या लहानपणची पायवाट आता त्या खाणीच्या काठाशी संपते. यंदा लेकीनं तिथे उभं राहून विचारलं, "बाबा, पुढे काय होतं?" मला सांगता येईना.

आपण दरवर्षी ज्या शांततेसाठी तासन्‌तास प्रवास करून जातो, ती विकून पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच फिरायला जाणार, हा कुठला हिशेब?

असो. काका, हा ब्लॉग तुम्ही वाचता हे मला ठाऊक आहे. या वेळी माझी सही मिळणार नाही. घराच्या कौलांचा खर्च निघालाय, त्यातला माझा वाटा मी या महिन्यात पाठवतो. बाकीचं दिवाळीत भांडू. पण ओटीवर नको, सड्यावर चालता चालता.