मीटरचा आकडा आणि आपली जबान

जुनी स्पोर्ट्स कार विकायला काढणारा दोन गोष्टी हमखास सांगतो. गाडी नव्यासारखी केली आहे आणि फार कमी चालली आहे. आम्ही म्हणतो, सांगू नका, दाखवा.

इंग्लंडची एमजीबी घ्या. 1962 ते 1980 या काळात ती ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. तिच्या जुन्या मीटरवर पूर्ण मैलांचे पाचच आकडे असत. 99,999 झाले की पुन्हा शून्य! तेव्हा 23,000 दिसले, तरी गाडी 1,23,000 मैल चाललेली असू शकते. खरा पुरावा जुन्या सर्व्हिसच्या पावत्यांत असतो.

रंगाचेही तसेच. दाराखालच्या पट्ट्यांना गंज धरतो. त्यावर जाड पुट्टी भरून रंग मारला की डोळ्यांना काही कळत नाही, पण लोहचुंबक तिथे नीट चिकटत नाही. म्हणून नवा पत्रा बसवतानाचे फोटो जपून ठेवावेत.

शिवाय कमी चालणे हा नेहमी गुणच असतो असे नाही. उभ्या गाडीचे रबर कडक होते, ब्रेक ऑइल ओलावा शोषते. हे लपवले तर घेणाऱ्याच्या मुलाबाळांच्या जिवाशी खेळ होतो.

वाचकहो, वर्षानुवर्षे खपून उभी केलेल्या गाडीचा चांगला भाव जरूर मागावा. मेहनतीचे मोल मागण्यात लाज कसली? मात्र दोष आधी सांगावेत, घेणाऱ्याला त्याचा मेकॅनिक आणू द्यावा आणि गाडी खालूनही पाहू द्यावी. मग ठरलेला भाव दोघांनाही पचतो.