वाकड्या फांदीची बाजू

आपल्या बोलण्यात ‘वाकडे’ हा शब्द बहुधा दूषण म्हणूनच येतो. वाकडी नजर, वाकडी वाट, वाकडे बोल! पण लाकडी नांगर करायचा तर शेतकरी बाभळीचे नेमके वाकडे लाकूडच शोधत असे. झाडाबरोबर वाकत गेलेल्या लाकडाचे तंतू अखंड वळलेले असतात. सरळ फळीतून तेच वळण कापून काढले, तर तंतू तुटतात आणि जोर पडताच लाकूड तेथेच चिरते.

म्हणूनच काटक्या-फांद्यांच्या तिवया, खुर्च्या आणि काष्ठशिल्पे यांना ‘फावल्या वेळचा छंद’ म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. ‘भारतमाता’ हे चित्र काढणारे अवनींद्रनाथ टागोर (१८७१–१९५१) उतारवयात वाळक्या डहाळ्या आणि मुळे गोळा करून त्यांतून पशुपक्षी व माणसे घडवीत. त्यांना ते ‘कुटुम-काटाम’ म्हणत. हाती कुंचल्याऐवजी काटकी आली, म्हणून त्यांच्यातला कलावंत उणा झाला काय?

‘आकार तर निसर्गाचाच, यात तुमचे काय?’ असा प्रश्न हमखास येतो. काय ठेवायचे, काय काढायचे आणि कोठे थांबायचे, हे ठरविणे आमचे! प्रत्येक मुळाला चोच लावून, वर वॉर्निश फासून त्याचा मोर करणाऱ्यांना हे थांबणेच जमत नाही. तिवईत तर अशी लपवाछपवी मुळीच चालत नाही. पायाचे टोक पुरते वाळलेले आणि बैठकीचे लाकूड किंचित ओलसर हवे. मग ते वाळताना भोक आकसते आणि टोकाला घट्ट धरते. उलट केले, तर पाय डुगडुगणारच.

मात्र या कलेसाठी उभ्या झाडावर कोयता चालविणे मला मुळीच मान्य नाही. शहरांतील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहेच. पण कायदा नसता तरी ते अशोभनीयच ठरले असते. शिवाय त्याची गरजही नाही. पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांना अडणाऱ्या फांद्या छाटल्या जातात आणि त्यांचे ढीग कचऱ्यात वा चुलीत जातात.

मित्रहो, असा एक ढीग आपल्या महाविद्यालयाने मागून घ्यावा आणि एखाद्या जाणत्या सुतारदादांना आठवडाभर मानाने, मानधन देऊन बोलवावे. सौंदर्यशास्त्रावर आपण पुष्कळ टिपणे उतरवून घेतली. आता थोडे हातांनीही शिकू या.