जुनी मोटार घेणाऱ्या नवागतांना खरेदीपूर्वी माहिती मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. उच्चायुक्त,
भारतीय उच्चायोग, वेलिंग्टन, न्यूझीलंड

विषय : जुन्या मोटारींच्या खासगी व्यवहारांत भारतीय नवागतांची होणारी फसगत रोखणे

महोदय / महोदया,

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी न्यूझीलंडमध्ये येणाऱ्या मराठी माणसाची पहिली मोठी खरेदी बहुधा जुनी मोटार असते. ऑकलंडच्या मध्यवस्तीत बस-रेल्वेवर भागते. पण गोदामातली रात्रपाळी, बे ऑफ प्लेंटीतले किवीचे पॅकहाऊस किंवा वायकाटोतला डेअरी फार्म गाठायचा, तर गाडीवाचून गत्यंतर नाही. बाजारात जपानहून आलेल्या गाड्यांची रेलचेल आहे. स्टिअरिंग आपल्यासारखेच उजवीकडे, त्यामुळे हात लगेच बसतो. स्क्रीनवर जपानी अक्षरे उमटतात, रेडिओवर इथली वरच्या फ्रिक्वेन्सीची स्टेशने लागत नाहीत. एवढे आम्ही चालवून घेतो. अडते ते कागदांपाशी.

आपल्याकडे आधी आरसी बुक पाहायची सवय. बँकेचा बोजा असेल तर तिथे नोंद दिसते आणि तो उतरवल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. इथे वाहतूक खात्याकडे नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे नाही. कर्जाची नोंद ‘पीपीएसआर’ या वेगळ्याच नोंदवहीत असते. नंबरप्लेट टाकून किरकोळ शुल्कात ती कोणालाही पाहता येते. ती न पाहता व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या ओळखीने रोखीत गाडी घेतली, तर विकणाऱ्याचे थकलेले कर्ज वसूल करायला फायनान्स कंपनी ती उचलून नेऊ शकते. तोवर विकणारा देश सोडून गेला असेल, तर पैसे मागायचे कोणाकडे?

‘वॉफ’ (वॉरंट ऑफ फिटनेस) या प्रमाणपत्राबद्दलही असाच गैरसमज आहे. टायर, ब्रेक, दिवे, गंज अशा सुरक्षिततेच्या बाबींची ती त्या दिवसापुरती तपासणी. इंजिन आणि गिअरबॉक्सची अवस्था तिच्यात पाहिली जात नाही. तरी ‘ताजा वॉफ आहे’ एवढ्यावर सौदे होतात. डिझेल गाडीचा रस्ताकर तर किलोमीटरच्या हिशेबाने आगाऊ भरायचा असतो. काचेवरच्या लेबलाचा आकडा मीटरशी ताडून पाहिला नाही, तर जुनी थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात पडते.

कायदा कमकुवत आहे, अशी आमची तक्रार नाही. नोंदणीकृत विक्रेत्याकडून गाडी घेतल्यास १९९३ चा ग्राहक हमी कायदा लागू होतो आणि वाद मोटार वाहन विवाद न्यायाधिकरणाकडे नेता येतो. खासगी विक्रीला हे छत्र नाही. १२ महिन्यांत ६ हून अधिक गाड्या विकणाऱ्याने विक्रेता म्हणून नोंदणी केलीच पाहिजे. तरी घरच्या अंगणातून ‘माझीच गाडी’ म्हणत एकामागून एक विकणारे आमच्या पाहण्यात आहेत, आणि स्पष्टच सांगायचे तर त्यांत आपले देशबांधवही आहेत. भाषा एक निघाली की कागद मागायला संकोच वाटतो.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, फेब्रुवारी व जुलैच्या सत्रांआधी उच्चायोगाने मराठी, हिंदीसह भारतीय भाषांत एक पानी माहितीपत्रक काढावे. कर्जनोंद व विक्रेत्याची नोंदणी कशी तपासायची, मालकीबदल दोघांनीही का कळवायचा आणि पैसे देण्याआधी स्वतःच्या मेकॅनिकला गाडी का दाखवायची, एवढेच त्यात असावे. शुभेच्छासंदेश व छायाचित्रे यांना जागा देऊ नये. हे पत्रक व्हिसा मिळताच, मुंबई-पुण्यातच हाती पडावे. इथे उतरल्यावर सौदा फार लवकर होतो.

पत्रकात एक ओळ ठळक हवी : इथे थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही. दुखापतीचा खर्च ‘एसीसी’ ही सरकारी अपघात-भरपाई योजना उचलते, पण चूक आपली असल्यास दुसऱ्याच्या गाडीचे नुकसान आपल्यालाच भरून द्यावे लागते. विमा सक्तीचा करणे हा इथल्या संसदेचा विषय आहे. भारतातून आलेला माणूस मात्र विमा गाडीबरोबर आलाच असेल, असे धरून चालतो.

तसेच विनानोंदणी विक्रीच्या तक्रारी उच्चायोगाने न्यूझीलंडच्या संबंधित मंत्रालयापुढे मांडाव्यात आणि तक्रारदाराचे नाव गुप्त राखण्याचा आग्रह धरावा. व्हिसाच्या धास्तीने मुले गप्प बसतात.

पत्रकाचा मराठी मसुदा आम्ही विनामोबदला करून देऊ. पुढील सत्रापूर्वी या निवेदनाचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले,
ऑकलंड व हॅमिल्टन येथील मराठी विद्यार्थी व नोकरदार