मोबाइलबंदीच्या ठरावाला माझा विरोध का



धर्मग्रामाच्या पालकसभेत सहावी ते दहावीच्या मुलांसाठी मोबाइलबंदीचा ठराव येणार आहे. माझा त्याला विरोध आहे.

उपवासकाळात मोबाइलचा उपास जरूर सांगा. धर्मशिक्षणाच्या वर्गात संत कार्लो अक्युटिसचे चित्रही लावा. (त्याने ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांचे संकेतस्थळ उभे केले, त्याचा संगणक कोणी काढून घेतला असता तर?) पण आठवीतल्या मुलीला कोणी तिचाच फोटो दाखवून पैसे मागू लागला, तर त्या रात्री तिला घरातले एक माणूस हवे असते, ज्याला हे सांगता येईल. नेमके तेच दार आपण बंद करत आहोत.

"असलं काही दिसलं तर मोबाइल काढून घेईन" हे आपले आवडते वाक्य. फसवणाऱ्यालाही ते ठाऊक असते. "घरी सांगू का?" एवढे विचारले की त्याचे काम झाले. पुढची भीती आपण आधीच घालून ठेवलेली असते.

आणि आपण कोणत्या तोंडाने बोलायचे? इन्स्टाग्रामसाठी किमान वय १३ आहे. दहा वर्षांच्या मुलाचे जन्मसाल खोटे भरून खाते उघडून देणारे पुष्कळदा आईबाबाच, आणि खोट्या साक्षीची आठवी आज्ञा पाठ करून घेणारेही तेच. प्रथम ख्रिस्तप्रसादाचे फोटो मुलाच्या नावासकट, शाळेसकट जगाला दाखवतो कोण?

लूकच्या शुभवर्तमानातला बाप आठवा. मुलाने तयार करून आणलेली कबुली ऐकण्याआधीच तो धावत गेला.

मुलाने सांगितलेच, तर आधी जवळ घ्या. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. रागाने चॅट पुसू नका. तो पुरावा आहे. स्क्रीनशॉट ठेवा, मग ब्लॉक करा. मुलांच्या मदतीसाठी १०९८, सायबर गुन्ह्यांसाठी १९३०, दोन्ही नंबर घरात लिहून ठेवा.

"चर्चचे नाव जाईल, आपसात मिटवू" असे कोणी म्हणाले तर मुळीच ऐकू नका. मुलाचा लैंगिक छळ झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. तो फादरांना लागू आहे, धर्मशिक्षकांना आहे, आणि पालकसभेत हात वर करणाऱ्या आपल्या सगळ्यांनाही आहे.