एफवायच्या हाती किल्ल्या

ऑगस्ट उजाडला की पुण्यात सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिराबाहेर टेम्पो उभे राहू लागतात. त्यांतून लेव्हल्स, फ्लॅट, एखादी जुनी खाट, गुंडाळलेली काळी कापडं उतरवणारी मुलं-मुली अठरा-एकोणीस वर्षांची असतात. थोड्या वेळानं आत ‘आव्वाज कुणाचा’ची आरोळी उठते, कॉलेजचं नाव घुमतं आणि पडदा वर जातो. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३पासून पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते आहे. या रंगमंचावरून पुढे गेलेल्या नट-दिग्दर्शकांबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलं. खाट उतरवणाऱ्यांबद्दल फारसं नाही. शिक्षण म्हणून पाहिलं, तर जास्त मोलाची गोष्ट तिथेच घडत असते.

बॅकस्टेजला आलेला एफवायचा मुलगा पहिल्या आठवड्यात चहा आणतो, तालमीची खोली झाडतो, संहितेच्या झेरॉक्स काढतो. मग एक दिवस प्रॉपर्टीची यादी त्याच्या हातात येते. दुसऱ्या प्रवेशात टेबलावर पाण्याचा तांब्या हवा, त्यात पाणी हवं आणि तो ब्लॅकआउटच्या काही सेकंदांत अंधारात ठेवायचा. राहिला, तर नटाचा हात हवेत चाचपडणार आणि सगळ्या गटाची मेहनत त्या एका क्षणात उघडी पडणार. म्हणून तो जमिनीवर रेडियमच्या पट्ट्या चिकटवतो, विंगेपासून टेबलापर्यंतची पावलं मोजतो, प्रयोगाच्या आदल्या रात्री तांब्या पिशवीत घालून घरी नेतो. घरचे विचारतात, हे काय आणलंस? त्यांना समजावून सांगणं अवघड असतं. बारावीपर्यंत त्याची चूक त्याच्या एकट्याची होती. गुण गेले तर त्याचेच जात. आता त्याच्या विसरण्याचा फटका दुसऱ्या पंधरा जणांना बसू शकतो, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळत असतं. याची परीक्षा कोणत्याही विद्यापीठाच्या वेळापत्रकात नाही.

आणि अशा जबाबदारीची गरज आजच्या मुलांना आधीच्या पिढीपेक्षा जास्त आहे. अकरावी-बारावीची दोन वर्षं म्हणजे पूर्वी कॉलेजची सुरुवात असायची. आता विज्ञान शाखेतल्या कितीतरी मुलांसाठी ती क्लासची वर्षं झाली आहेत. कॉलेजात नाव आणि क्लासमध्ये मूल, या ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीला आळा घालण्यासाठी राज्य सरकारला २०१८ साली मोठ्या शहरांच्या विभागांत विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला होता. अशी दोन वर्षं काढून, नीट किंवा सीईटीत थोडक्यात हुकून, मूल बीएस्सीच्या पहिल्या बाकावर येऊन बसतं तेव्हा आपण हरलो, हीच भावना त्याच्या मनात घट्ट असते. दोन वर्षांत त्यानं कुणाशी मिळून काही केलेलं नसतं. बँकेतली स्लिप भरलेली नसते, सभेत हात वर केलेला नसतो. अशा मुलाला व्यक्तिमत्त्व विकासाचं व्याख्यान देऊन काही होत नाही. त्याच्या हातात एखादं काम द्यावं लागतं.

असं काम देण्याची सर्वांत मोठी सरकारी सोय पन्नास वर्षांहून जुनी आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी घेऊन. आज खेडोपाडीच्या कॉलेजांतही एनएसएसचं युनिट असतं. स्वयंसेवकानं वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं, अशी रचना आहे.

या शिबिराची बातमी ठरावीक असते: प्रभातफेरी, श्रमदान, बौद्धिक, समारोप, मान्यवरांचा सत्कार. बातमीत न येणारी जागा म्हणजे शाळेच्या व्हरांड्यातली चूल आणि तिथली भोजन समिती. ऐंशी-शंभर जणांचा दोन वेळचा स्वयंपाक, गावातल्या दुकानातून आणलेली तूरडाळ, कांदे, तेल; आणि हे सगळं एका वहीत लिहिणारी एसवायची मुलगी. पहिल्या दिवशी भात उरतो, दुसऱ्या दिवशी भाजी कमी पडते. तिसऱ्या दिवशी ती अंदाज बांधायला शिकते. दुकानदार पक्की पावती देत नाही, तेव्हा त्याच्याशी न भांडता ती कशी मिळवायची हेही शिकते. बंधाऱ्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळूनं भरताना गावातला म्हातारा येऊन सांगतो, “पोरींनो, पाणी हितनं नाय येत, तिकडनं येतं,” आणि भूगोलाच्या प्राध्यापकांसकट सगळे जागा बदलतात. पुस्तकी माणसाला गावकऱ्याचं ऐकायला लावणारा असा क्षण वर्गात येत नाही.

याहून जुनी वाट सातारची आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते ‘कमवा आणि शिका’ या पायावर. फी भरायला पैसे नसलेल्या मुलानं दयेवर नाही, तर घामावर शिकावं ही त्यामागची धारणा. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासह अनेक ठिकाणी ही योजना चालते. ग्रंथालयात पुस्तकं लावणारा, बागेला पाणी घालणारा किंवा कार्यालयात नोंदी करणारा विद्यार्थी तासावर पैसे मिळवतो. कॉलेजातला सहभाग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मूड इंडिगो आणि मल्हारची रोषणाई येते. हे महोत्सवही मुलंच उभे करतात आणि त्यांतही शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण पुस्तकांची मांडणी करता करता कॉलेजातल्या प्रत्येक कपाटाची माहिती झालेला मुलगा कॉलेजशी कमी जोडलेला नसतो. त्याला ‘उपक्रमशील’ म्हणून गौरवायची पद्धत आपल्याकडे नाही, ही खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

आता नव्या शैक्षणिक धोरणानं या सगळ्याला क्रेडिटचं कोंदण दिलं आहे. एनएसएस, एनसीसी, क्रीडा, योग, सांस्कृतिक कार्य हे सहअभ्यासक्रम म्हणून पहिल्या दोन वर्षांच्या आराखड्यात बसवले गेले. जे अवांतर म्हणून हिणवलं जात होतं ते अभ्यासाच्या पंगतीत आलं, हे स्वागतार्हच. धोका पुढे आहे. क्रेडिट आलं की हजेरी आली, हजेरी आली की फोटो आला, फोटो काढून झाला की काम झालं. वृक्षारोपणाला दीडशे सह्या आणि खड्डे बारा, अशी वेळ यायला उशीर लागत नाही. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ साली विद्यार्थ्यांच्या सहभागाचा सिद्धान्त मांडला, त्याचा गाभा हाच होता की विद्यार्थी त्या कामात शरीर आणि मन किती ओततो त्यावर त्याची वाढ ठरते. सही करायला मन ओतावं लागत नाही.

म्हणून मागणी एवढीच आहे की पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना चुकता येईल असं खरं काम द्या. कार्यक्रम प्राध्यापकांनी ठरवायचा, पाहुणा संस्थाचालकांनी आणायचा आणि मुलांनी सतरंज्या घालायच्या, यातून कुणी घडत नाही. सतरंजी घालणाऱ्यालाच पाहुण्याशी फोनवर बोलू द्या. तो अडखळेल, वेळ चुकीची सांगेल, पुन्हा फोन करून माफी मागेल. २०२२ साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं, तेव्हा मोठा वाद झाला. तो निर्णय बरोबर होता की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण पन्नासच्या आसपास कॉलेजांच्या मुलांना ‘अजून पुरेसं झालेलं नाही’ हे कुणीतरी गांभीर्यानं सांगितलं, त्यांच्या कामाला मोठ्या माणसांच्या कामासारखं तोललं, ही गोष्ट सहभागाच्या छापील प्रमाणपत्रापेक्षा कितीतरी सन्मानाची होती.

पालकांची काळजी खोटी नाही. नाटकापायी वर्ष गेलेली मुलं प्रत्येक कॉलेजात असतात. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे बी. जे. मेडिकलमध्ये नाटक करत डॉक्टर झाले, हे उदाहरण अशा वेळी हमखास दिलं जातं. ते खरं आहे, पण असामान्यांचं आहे. सामान्य मुलासाठी साधा नियम पुरतो. पहिल्या वर्षी एकच काम धरावं, ते शेवटपर्यंत न्यावं, आणि प्रॅक्टिकल बुडणार असेल तर तसं आधी सांगून सुट्टी घ्यावी. पाच समित्यांत नाव आणि एकाही बैठकीला पूर्ण वेळ नाही, अशा मुलाच्या हाती ना अभ्यास लागतो ना अनुभव.

एक मोठं दार मात्र आपणच बंद करून बसलो आहोत, ते विद्यार्थी निवडणुकांचं. मुंबईत १९८९ साली निवडणुकीच्या वैमनस्यातून ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याचा खून झाला. पुढे १९९४च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका बंद करून गुणवत्तेवर नेमणुका आणल्या. वर्गात पहिला येणारा तो वर्गप्रतिनिधी झाला. हिंसेची भीती रास्त होती. पण परीक्षेत पहिला येणं आणि साठ जणांची तक्रार प्राचार्यांपुढे नेमकी मांडता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. २०१६च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, २०१९मध्ये त्या जाहीरही झाल्या आणि विधानसभा निवडणुकीचं कारण देऊन पुढे ढकलल्या गेल्या. मग करोना आला. अठराव्या वर्षी देशाचा खासदार निवडणाऱ्या तरुणाला आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडता येऊ नये, याचं समर्थन करणं दिवसेंदिवस कठीण होत चाललं आहे.

आणि वेळ. तालुक्याच्या कॉलेजातून वाडीवर जाणारी शेवटची एसटी साडेपाचला सुटत असेल, तर सहाच्या तालमीचा फलक बहुसंख्य मुलींसाठी कोराच असतो. संध्याकाळी थांबू शकणारी, गावातच घर असणारी मुलंच मग कार्यकर्ती होतात, त्यांनाच अनुभव मिळतो, पुढच्या वर्षी त्यांचीच निवड होते. यावरचा उपाय खर्चिक नाही. आठवड्यातून दोन दिवस भर दुपारचा दीड तास तासिकांमधून मोकळा ठेवायचा, तालमी, वादविवाद, भित्तिपत्रिका, एनएसएसच्या बैठका सगळ्या तेव्हाच घ्यायच्या. मुक्कामी शिबिराआधी आयांना एकदा गावात नेऊन राहायची जागा दाखवायची. कितीतरी हमीपत्रांवर त्याशिवाय सही होत नाही, हे महिला कार्यक्रम अधिकाऱ्यांना पुरतं ठाऊक आहे. शिवाय हे सगळं सांभाळणारा शिक्षक तासिका तत्त्वावरचा असेल, तर त्याला तासाचे पैसे मिळतात, तालमीचे नाही. त्याच्या तळमळीवर विसंबून क्रेडिटची योजना चालवणं अन्यायाचं आहे. कायम शिक्षकांची भरती होईपर्यंत निदान या कामाचे तास त्याच्या मानधनात धरले जावेत.

प्राचार्यांना मात्र शासन निर्णयाची वाट न पाहता करता येण्यासारखं एक काम आहे. प्रवेशाच्या पावतीवर जिमखाना, स्नेहसंमेलन, विद्यार्थी कल्याण अशा नावांनी जी रक्कम प्रत्येक मुलाकडून घेतली जाते, तिचं अंदाजपत्रक जुलैत पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुला-मुलींना समोर बसवून ठरवावं. प्रत्येक समितीच्या खर्चावर प्राध्यापकांच्या सहीशेजारी एफवायच्या एका विद्यार्थ्याची सही असावी. साहित्याच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे असावी. मार्चमध्ये हिशेब त्यानंच सूचनाफलकावर लावावा आणि कुणी विचारलं, तर तिथेच उभं राहून समजावून सांगावा.