‘बी’ काढून नाव नवे होत नाही

आमच्या समाजात मुलगी जन्मली की मुबारकबाद द्यायला येणारा प्रत्येक जण एक वाक्य न चुकता म्हणतो, ‘बेटा नेमत, बेटी रहमत.’ दुसरीही मुलगीच झाली तर हेच वाक्य जरा हळू आवाजात, सांत्वनाच्या सुरात म्हटले जाते. आमच्या घरी दुसरी मुलगी झाली तेव्हा हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले की शेवटी ठरवून टाकले, हिचे नाव रहमतबीच ठेवायचे. आमच्या दादीचे हे नाव. ते जाहीर केले आणि ज्यांनी ज्यांनी ‘रहमत आली’ म्हटले होते त्यांनीच तोंडे वाकडी केली. एक म्हणाले, हे तर बुढ्या बायकांचे नाव. दुसरे म्हणाले, रहमत मर्दाचे नाव, काबुलीवाल्याचे. तिसऱ्यांनी तोड काढली, ‘ठेवायचेच तर नुसते रहमा ठेवा, ती बी कशाला लावता?’

नातेवाइकांना जे सांगायचे ते आम्ही चहा पिता पिता सांगून टाकले. हे लिहिण्याचे कारण त्याहून मोठे आहे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दरवर्षी पहिलीचा हजेरीपट तयार करताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. चांदबी, फूलबी, गुलाबबी, शहजादबी, बिस्मिल्लाबी, हुसैनबी, रसूलबी ही नावे आता हजेरीपटावर सापडत नाहीत. ती सापडतात मतदार यादीच्या जुन्या पानांवर, रेशनकार्डावर आणि कब्रस्तानात. वर्गात बसतात मिनहा, अलैना, आयरा, झोया. या मुली गुणी आहेत, त्यांच्या नावांना आम्ही नावे ठेवत नाही. पण नाव ठेवणाऱ्यांना दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार शिक्षकाला असतो, तो आम्ही वापरणार आहोत.

‘बी’ला विरोध करणारे तीन प्रकारचे लोक आम्हाला भेटले. तिघांची कारणे वेगळी, पण तिघांचाही हात शेवटी दादीच्या नावावरच पडतो.

पहिले दीनदार लोक. त्यांचे म्हणणे, बी, बानू, बेगम, गुलाब, चांद हे सारे हिंदुस्थानी रिवाज. मुसलमानाचे नाव अरबीच असले पाहिजे. आम्ही आदराने विचारतो, हा नियम आला कुठून? हजरत खदीजा यांचे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवले तेव्हा इस्लामचा पुकारा व्हायचा होता. ते नाव जसेच्या तसे राहिले. मारिया किब्तिया मिसरहून आल्या, त्यांचे नावही मारियाच राहिले. रसूलुल्लाह (स.) यांनी काही नावे जरूर बदलली. एका स्त्रीचे नाव आसिया होते, अर्थ ‘नाफरमान’. ते बदलून जमीला ठेवले. बर्रा, म्हणजे ‘नेक’, या नावात स्वतःची तारीफ होते म्हणून ते बदलून जैनब ठेवले. ही दोन्ही नावे अस्सल अरबीच होती, तरी बदलली. मग कसोटी भाषेची होती की अर्थाची? आणि अर्थाची असेल तर रहमत या शब्दात खोट कुठे आहे? परंपरेत हजरत अय्यूब यांच्या पत्नीचे नाव बीबी रहमत असेच सांगितले जाते. आजारी नवऱ्याला सारे सोडून गेले तेव्हा ती एकटी राहिली, हा किस्सा आमच्या घराघरांत बायकांनीच जिवंत ठेवला. रहमत हे मर्दाचे नाव म्हणणाऱ्यांनी तो एकदा घरातल्या म्हाताऱ्या बाईकडून ऐकावा.

राहिली ‘बी’. बीबी फारसीतून आली, बानू फारसीच, बेगम आणि खानम तुर्कीतून आल्या. यांपैकी एकही शब्द अरबी नाही. पण बीबी फातिमा, बीबी मरियम म्हणताना आमचा एकही बुजुर्ग अडखळत नाही. पाक बीबियांच्या नावाला जो शब्द चालतो तो आमच्या दादीच्या नावाला का चालू नये? दख्खनच्या इतिहासात मुसलमान बाईचे सर्वांत मोठे नाव कोणते, हे कोणत्याही मराठी मुलाला विचारा. तो चांदबीबी म्हणेल. १५९५-९६ मध्ये शाहजादा मुराद अहमदनगरवर चालून आला तेव्हा किल्ला लढवणारी ही बाई. तिच्या नावातला ‘चांद’ संस्कृतातल्या चंद्रावरून आलेला, ‘बीबी’ फारसीतून आलेली. तिने तलवार उचलली तेव्हा तिचे नाव किती टक्के अरबी आहे असे कोणी विचारले नव्हते. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिलरस बानू बेगम यांची कबर आहे. त्या १६५७ मध्ये वारल्या. मरणोत्तर राबिया-उद-दौरानी हा भारदस्त किताब मिळाला. लोकांनी तो बाजूला ठेवला आणि इमारतीला साधे नाव दिले, बीबी का मकबरा. बादशहाने दिलेल्या किताबापेक्षा रयतेला ‘बीबी’ जवळची वाटली.

दुसरे लोक आधुनिक. त्यांना दोन अक्षरी, नाजूक, मोबाईलवर शोधून सापडलेले नाव हवे असते. शोधायला आमची हरकत नाही. पण नाव सापडल्यावर ते उर्दूत कसे लिहितात एवढे तरी विचारा. मिनहा हे नाव घ्या. बडी हे घालून लिहिले तर ‘देणगी’ असा अर्थ निघतो. छोटी हे आणि अलिफ लिहिला तर अरबीत त्याचा अर्थ ‘तिच्यापासून’ एवढाच. अलैना म्हणजे ‘आमच्यावर’. आमच्यावर काय, ते नाव सांगतच नाही. फिरऔनची नेक बीबी आसिया आणि जिचे नाव बदलले गेले ती आसिया, या दोघी देवनागरीत एकच दिसतात. उर्दूत एकीला अलिफ-सीन आहे, दुसरीला ऐन-स्वाद. ज्या घरात उर्दू वाचणारे शेवटचे माणूस दादीच होती, त्या घरात हा फरक सांगणार कोण? दादीचे नाव जुने म्हणून टाकले, दादीची लिपीही टाकली, आणि मग जिचा अर्थ आपल्यालाच ठाऊक नाही अशी अक्षरे मुलीच्या गळ्यात बांधली. याला आधुनिक म्हणायचे?

शेजारच्या मराठी घरांकडे पाहा. तिथे रमा, मुक्ता, जिजा ही पणजीची नावे शिकलेले आईबाप हौसेने परत आणत आहेत. त्यांची पणजी परत आली की परंपरा, आमची आली की मागासलेपण, हा हिशेब आम्ही आमच्याच घरात मांडतो. दुसऱ्या कोणी तो आमच्यावर लादलेला नाही.

बाजाराने दिलेले नाव काय करते, हे आमच्या नागभीड तालुक्याला कोणी शिकवायला नको. नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये स्वतःच्या बांधीत पटेल-३ धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे जपल्या. त्यातून जे बारीक तांदळाचे वाण निघाले त्याला बाजारात त्या काळच्या मनगटी घड्याळावरून एचएमटी म्हणू लागले. तांदूळ घरोघर शिजला, घड्याळाचे नाव घरोघर झाले. ज्याने बी जपले त्याचे नाव मात्र खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते. २०१८ मध्ये दादाजी वारले. मराठीत बी म्हणजे बियाणे, हे धान पिकवणाऱ्या मुलखात सांगायला नको. घरचे बी टाकून देणारा शेतकरी दरवर्षी दुकानाच्या दारात उभा राहतो. नावांचेही तेच आहे.

तिसरे लोक भ्यालेले. त्यांच्याशी आम्ही चढ्या आवाजात बोलणार नाही, कारण त्यांचे भय खोटे नाही. शहरात शिकायला गेलेल्या मुलीला नाव सांगितल्यावर खोली नाकारली जाते. अर्ज वाचणारा नावापाशी थांबतो. म्हणून आईबाप असे नाव शोधतात की ते कोणत्याही घरातले वाटावे. आम्ही एवढेच विचारतो की बी काढल्याने शेख जाते का? पठाण, सय्यद, कुरेशी जातात का? वडिलांचे नाव जाते का? आयरा पठाणला जी खोली मिळत नाही ती रहमतबी पठाणलाही मिळणार नाही. मग निदान तिच्याजवळ तिच्या दादीचे नाव तरी असू द्या. खोली नाकारणाऱ्याची लाज मुलीच्या नावाने का वाहायची? ती लढाई कायद्याने, शिक्षणाने आणि एकमेकांच्या मदतीने लढायची आहे. पाळण्यात माघार घेऊन ती जिंकता येत नाही.

आता दुसऱ्या मुलीविषयी. या मुद्द्यावर तिन्ही प्रकारचे लोक एक होतात. पहिली मुलगी झाली की नावासाठी पुस्तके चाळली जातात, मौलाना साहेबांना विचारले जाते, फुप्पी आणि खाला यांच्यात रुसवेफुगवे होतात. दुसरी झाली की यमक जुळवले जाते. पहिली सानिया, म्हणून दुसरी दानिया. पहिली सना, म्हणून दुसरी हिना. सानिया नावाच्या बऱ्याच मुलींमागे एका टेनिस खेळाडूची कीर्ती होती, तिच्यासारखी होवो ही दुआ होती. दानियामागे काय आहे? फक्त सानिया. बहिणींची नावे जुळावीत ही हौस गोड आहे, हे आम्हाला मान्य. पण हजेरीपटावर आम्ही पाहतो की यमकाची पाळी बहुधा धाकटीवरच येते, आणि तिच्या पाठीवर भाऊ झाला की त्याच्यासाठी पुन्हा पुस्तके उघडतात.

कोणी म्हणेल, यमकात कसला अन्याय? २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकुसा’ नावाच्या २८० हून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. घरात नको असलेल्या मुलीचे नावच नकुसा. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली होत्या ८९४. आमच्यात नकुसा नसते असे आम्ही छाती पुढे काढून सांगतो. नाव नसते, हे खरे. पण हळू आवाजातले ‘बेटी रहमत’ आणि घाईत जुळवलेले यमक हे त्याच घरातले आहे, फक्त दार वेगळे. दुसऱ्या मुलीला घराण्यातले वजनदार नाव देणे म्हणजे सर्वांसमक्ष सांगणे की ही मोजणीत आहे.

शेवटचा मुद्दा कागदाचा, आणि तोच आज सर्वांत तातडीचा. आमच्या आज्यांची नावे जुन्या दस्तांत ‘जौजे अमुक’, ‘बेवा तमुक’ अशी नवऱ्याच्या आडोशाला लिहिलेली सापडतात. आता काळ बदलला आहे. महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या निर्णयाने, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदावर त्याच्या नावानंतर आधी आईचे नाव, मग वडिलांचे. म्हणजे आज पाळण्यात असलेल्या मुलीचे नाव उद्या तिच्या मुलाबाळांच्या प्रत्येक दाखल्यावर राहणार आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नव्याने जन्मणाऱ्यांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, पासपोर्ट या सगळ्यांना जन्मदाखला हाच मूळ आधार झाला आहे. नाव विचार करून ठेवण्याची आणि नीट लिहिण्याची गरज याआधी कधी एवढी नव्हती.

नीट लिहिण्याविषयी अनुभवाचे सांगतो. आमच्या मुलीच्या नोंदीच्या वेळी खिडकीवरच्या माणसाने ‘रहमत’ लिहून थोडी जागा सोडली आणि पुढे ‘बी’ लिहिले. अशा तुटलेल्या बीचे पुढच्या कागदावर काय होते, ते शाळेत आम्ही रोज पाहतो. एकीकडे तिचे टिंब लागून इंग्रजी अक्षर होते, दुसरीकडे ती वडिलांच्या नावाला चिकटते, तिसरीकडे गळून जाते. आणि मग एकाच मुलीच्या तीन कागदांवर तीन मुली उभ्या राहतात. आम्ही उभ्याउभ्या ते एका शब्दात करून घेतले, रहमतबी, आणि इंग्रजीतही जोडूनच. ‘बी’मुळे कागदांचा घोटाळा होतो म्हणून बी टाका, असे सांगणाऱ्यांना आमचे उत्तर हेच. घोटाळा तोडून लिहिल्याने होतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण नाव वर्षभरात विनाशुल्क भरता येते. तेव्हा घाईत काहीतरी देऊन येऊ नका. घरी बसा, म्हाताऱ्यांना विचारा, उर्दूत, मराठीत आणि इंग्रजीत नाव एकदा कागदावर लिहून पाहा, आणि तोच कागद खिडकीवर न्या.

आमची दादी रोवणीच्या दिवसांत झाडीतल्या बायकांबरोबर चिखलात उभी राहिली. त्या बायका तिला रहमतबी म्हणूनच हाक मारीत. त्यांना ते नाव कधी परके वाटले नाही, जड वाटले नाही. ते जड वाटू लागले आम्हा शिकलेल्यांना. बी.एड. झालेल्या माणसाने दादीच्या नावाची लाज बाळगावी, यासाठी तिने आम्हाला शाळेत घातले नव्हते.

वाचकांना एकच सांगणे. आपल्या नानीचे, दादीचे, तिच्या आईचे पूर्ण नाव आज एका वहीत लिहून काढा, बीसकट, बानूसकट, बेगमसकट. पुष्कळांना पणजीचे नाव आठवणारच नाही, कारण कोणी पुन्हा ठेवलेच नाही. ज्यांना आठवेल त्यांनी घरात मुलगी येईल तेव्हा ते नाव द्यावे. ती दुसरी असेल तर जरूर द्यावे, आणि देताना आवाज हळू करू नये.