पत्ता चुकलेला निरोप

आमच्या मामांनी सेवानिवृत्तीनंतर आपल्या आठवणी स्वतः संगणकावर टंकलिखित केल्या होत्या. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीचे ते दिवस. प्रत्येक मराठी प्रणालीची अक्षरयोजना निराळी. मामा गेले, पुढे त्यांचा संगणकही निकामी झाला. उरल्या त्या दोन तबकड्या, एक आठवणींची आणि एक त्या जुन्या प्रणालीची. नव्या संगणकावर आठवणी उघडाव्यात, तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता पाचोळा दिसे.

ही गोष्ट २००९ सालची. पुतण्या म्हणाला, "काका, जुने यंत्र आता मिळायचे नाही, पण नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचा आभास उभा करता येईल." त्यासाठी त्याने 'झेन' ही प्रणाली निवडली. केंब्रिज विद्यापीठात तिचा जन्म झाला आणि २००३ साली ती सर्वांसाठी खुली झाली. एका यंत्राची अनेक आभासी यंत्रे करणारी ही देखरेखनीस. तिच्याशी जुळणारा लिनक्सचा खास गाभा, म्हणजे कर्नल, त्याने बसवला आणि संगणक पुन्हा सुरू केला.

पाहतो तो पडद्यावर केवळ पांढऱ्या अक्षरांच्या ओळी! ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बसवावा लागतो. पण हा झेनचा कर्नल आहे, येथे मी चालत नाही, असे सांगून तो अडून बसला. पुतण्याने ती तपासणी बाजूला सारून ड्रायव्हर बळेच बसवला. मग पडदा पार काळाठिक्कर पडला. मला वाटले, मामांच्या आठवणी आता कायमच्या अंधारात गेल्या.

या हट्टामागचे कारण मात्र समजून घेण्याजोगे आहे, वाचकहो. पेठेतल्या घरांचे क्रमांक बदलले आणि पोस्टमन जुन्याच क्रमांकाने पत्रे टाकू लागला, तर काय होईल? झेनच्या राज्यात लिनक्सला स्मृतीचे जे पान सहाव्या क्रमांकाचे वाटते, ते प्रत्यक्षात नव्वदाव्या क्रमांकाचे असू शकते. ग्राफिक्स कार्ड तर प्रोसेसरला न विचारता खऱ्या क्रमांकावरून थेट स्मृतीत वाचते-लिहिते. ड्रायव्हरने लिनक्सला दिसणारा क्रमांकच त्याच्या हाती दिला, तर निरोप भलत्याच घरी पडतो. म्हणून ड्रायव्हरने खरा पत्ता कर्नलला विचारून घेतला पाहिजे. आमच्या ड्रायव्हरचा मुख्य भाग कंपनीने मोहोरबंद ठेवलेला. केवळ बाहेरचे पातळ आवरण कर्नलप्रमाणे जुळवता येई. आत कोठे काय चुकते, हे जाणत्यालाही उघडून पाहता येईना.

अखेर पुतण्याने शहाणपणाची वाट धरली. झेनच्या कर्नलसाठी त्याने 'व्हेसा' हा साधा, खुला ड्रायव्हर योजला आणि नेहमीच्या कर्नलसाठी कंपनीचा वेगवान ड्रायव्हर ठेवला. संगणक सुरू करताना कोणता कर्नल हवा, ते निवडायचे. व्हेसावर चलच्चित्रे अडखळत, खेळ तर चालतच नसत. परंतु अक्षरांना वेग कशाला हवा? आभासी यंत्रात मामांची जुनी प्रणाली उघडली आणि पडद्यावर मराठी उमटले. पहिले प्रकरण होते 'माझी आई'. आमच्या मातोश्रींनी चष्मा पुसून ते दोनदा वाचले. त्याच आठवड्यात आम्ही सारी पाने कागदावर छापून घेतली.

पुढे २०११ साली लिनक्सच्या ३.० या आवृत्तीत झेनच्या मुख्य यंत्रासाठी लागणारी सोय मूळ कर्नलमध्येच आली आणि वेगळ्या कर्नलची गरज उरली नाही. २००७ पासून कर्नलमध्ये असलेल्या 'केव्हीएम'मध्ये तर यंत्राचा कारभार लिनक्सकडेच राहतो. त्यामुळे मुख्य यंत्रावरील ड्रायव्हरला खरेच पत्ते दिसतात.

तात्पर्य इतकेच, की कार्ड घेताना त्याचा खुला ड्रायव्हर आहे की नाही, हे आधी पाहावे. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे लेखन युनिकोडमध्ये उतरवून त्याची एक प्रत कागदावरही ठेवावी. कागदाला ड्रायव्हर लागत नाही!